काळ्याखालचा गुलाबी

ताईच्या मुलीला माझी जुनी रिमोटची गाडी नव्यानं रंगवायचीय. थिनरच्या फडक्यानं चाकांचा काळा रंग पुसताना खालून गुलाबी निघाला, आणि त्या वासासरशी मला अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घराची गच्ची दिसली. ताई स्वतःच्या नेलपॉलिशनं माझ्या गाडीची चाकं रंगवत होती, नखांवर घालावी तशी फुंकर घालत होती.

"हात नको लावू भिया, अजून सुकलं नाही." भावाला, म्हणजे मला, ती भियाच म्हणायची.

गल्लीतली पोरं हसली, तेव्हा तिनंच वरून काळा मारून दिला. म्हणजे मघापासून मी तिचीच मेहनत पुसत होतो. ताईला जाऊन आता वर्ष होईल.

"मामा, हा पिंकपण काढू ना?" पोरीनं फडकं उचललं.

"हात नको लावू," मी म्हणालो, "अजून सुकलं नाही."