हौसामावशी मस्कतला निघाल्या

मंगरूळपीरला आमच्या किराणा दुकानासमोर हौसामावशी रोज सकाळी भाजी मांडून बसतात. मेथी, पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं स्वतःच्या मळ्यातलं. त्या दिवशी मात्र त्या टोपली तशीच रस्त्यावर ठेवून थेट दुकानात घुसल्या. मोबाईल छातीशी धरलेला, आणि चेहरा असा की मला वाटलं लॉटरी लागली.

"चंदना! अवं, तनुजाले दिवस गेले! मले मस्कतले बलावून राह्यली!"

तनुजा त्यांची लेक. नर्सिंग शिकली, आणि लग्नानंतर नवरा धीरजसोबत ओमानच्या मस्कत शहरात एका दवाखान्यात नोकरीला लागली. धीरजला आई नाही. त्यामुळे बाळंतपणाला आपली आईच हवी, असा तनुजाचा हट्ट.

मावशींचा आनंद पोटात मावेना. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, पण दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की हौसाबाई इमानात बसणार. कुणी विचारलं, "मस्कत कुठी हाय वं?" तर त्या हात लांब करून म्हणायच्या, "समुद्राच्या त्या बाजूले!"

घरी रंगरावकाका, म्हणजे त्यांचे यजमान, पाण्याचा पाइप ओढत होते. ते म्हणाले, "पासपोर्ट म्हन्जे काय मेथीचा वाफा हाय का? टाकलं बी आन् उगोलं?"

"मंग? मोठमोठ्या बंगल्यातल्या लोकायलेच भेटते का पासपोर्ट? आमी काय या देशाचे नोय?"

मुलगा पवन मोबाईलवर अर्ज भरायला बसला आणि तिथंच पहिली ठेच लागली. आधारकार्डावर नाव होतं हौसाबाई. पॅनकार्डावर मात्र कौसाबाई! कुणाच्या बोटानं केव्हा ह-चा क केला, देव जाणे. इतकी वर्षं ते कार्ड डब्यात पडून होतं, कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"आई, दोन्हीवर एकच नाव पायजे. नाई तर ते म्हनतीन ह्या दोन बाया हायेत."

मावशी भडकल्या. "कोन कौसाबाई? माया घरात कोन घुसली ही बाई?" काकांना हसू आवरेना. मावशी त्यांच्यावरही भडकल्या. "हसू नका! ह्या कौसाबाईपाई मायी लेक तिकडे एकटी राह्यली तर?"

पवननं पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज टाकला. मग सुरू झालं वाट बघणं. पोस्टमन आमच्या दुकानापाशी सायकल टेकवायचा, आणि मावशी गिऱ्हाइकाला वांगी देता देता मध्येच उठायच्या. "आली का मायी चिठ्ठी?" तिकडे तनुजाचे दिवस भरत चालले होते. मावशींचा जीव खालीवर. एकदा तर त्या मला म्हणाल्या, "चंदना, लेकरू कागदाची वाट पाह्यते का?" शेवटी नवं कार्ड आलं. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. एच, ए, यू. बरोबर! त्या आनंदात त्यांनी माझ्या ओच्यात पालकाच्या इतक्या जुड्या टाकल्या की आमच्या घरी दोन दिवस पालकच चालला.

पासपोर्टच्या कार्यालयात जायची तारीख अकोल्याची मिळाली. मावशींनी लग्नातच नेसायचं जांभळं लुगडं काढलं. खिडकीमागच्या तरुण साहेबांनी सगळी कार्डं पाहिली, फोटो काढला, आणि खात्री करायला विचारलं, "पतीचं नाव सांगा."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांनी आयुष्यात नवऱ्याचं नाव असं सरळ घेतलं नव्हतं.

"आई, सांग ना," पवन कुजबुजला.

"असं कसं सांगू? लोक हायेत ना!"

साहेब थांबले. मागची रांग थांबली. मग मावशींनी मान खाली घातली आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"मेथीच्या जुडीले बांधला केळीचा दोर,
रंगरावांच्या मळ्यात नाचतेत मोर!"

रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबही खळखळून हसले. "नाव बरोबर आहे. मोराची नोंद मात्र आम्ही करत नाही, आजी."

आठवड्याभरात खाकी कपड्यातला हवालदार मळ्यात हजर. पासपोर्टसाठी माणूस खरंच त्या पत्त्यावर राहतो का, त्याच्यावर काही गुन्हा तर नाही, हे पोलीस येऊन पाहतात. पण शेजारच्या हेमलाबाईला ते काय माहीत? ती धावत दुकानात आली. "हौसीच्या घरी पोलीस आले!" माझे सासरे इंदरचंदजी, आमचे बाबूजी, चप्पल न घालताच निघाले, कारण अर्जात ओळखीचे म्हणून त्यांचंच नाव दिलं होतं.

हवालदारानं विचारलं, "शेटजी, ह्या बाईंना किती वर्षांपासून ओळखता?"

"लगन होऊन आली तवापासून. तिच्या मापात एक वांगं जास्तच येते, कमी कधी आलं नाई. अजून काय लिवू, सांगा, कुठी सही करू?"

बाबूजींनी सही केली. हवालदार चहा पिऊन गेला, आणि जाताना विचारून गेला, "आजी, विमानात भीती नाही ना वाटणार?" मावशी म्हणाल्या, "मानोऱ्याच्या काळीपिवळी जीपमंदी बसली हाव मी, लटकून! इमानात त खुर्ची असते म्हन्ते."

पासपोर्ट पोस्टानं आला तेव्हा दुकानापुढे जत्रा भरली. प्रत्येकाला ते निळं पुस्तक हातात घ्यायचं होतं. मावशी बजावत होत्या, "हात पुसा पह्यले!" त्यांनी ते कपाळाला लावलं. तिकडून धीरजनं व्हिसा काढला, जायचं-यायचं तिकीट पाठवलं. पवन त्यांना रेल्वेनं मुंबईला घेऊन गेला आणि विमानतळाच्या दारापर्यंत सोडून आला. आत एकट्यानंच जायचं होतं.

पुढचं त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं उभी होते असं वाटतं.

पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी हिंदी बोलणारा. त्यानं विचारलं, "माताजी, किसलिए जा रही हैं?"

मावशींनी ठासून उत्तर दिलं, "काम के वास्ते!"

त्याचा शिक्का हातातच राहिला. "कौनसा काम?"

"सब काम करती मैं. खाना पकाना, कपडे धोना, बच्चे को तेल लगाके मालिश."

झालं! व्हिसा पाहुणीचा आणि बाई सांगते घरकामाला चालले. कमी शिकलेल्या माणसांना आखातात कामाला नेऊन फसवणारे दलाल असतात, म्हणून तिथं अशी तपासणी कडक असते. त्यानं पासपोर्ट बाजूला ठेवला आणि मावशींना दुसऱ्या टेबलाशी नेऊन बसवलं. विमानाची घोषणा सुरू झाली होती. मावशी पिशवी पोटाशी धरून बसल्या.

तिथल्या बाई मराठी निघाल्या. समोर बसून हळूच म्हणाल्या, "आजी, घाबरू नका, खरं सांगा. तुम्हाला कोण नेतंय? पगार किती ठरलाय?"

"पगार?" मावशी उठूनच उभ्या राहिल्या. "लेकीच्या बायंतपनाचा पगार घेऊ? अवो बाई, तुमच्या मायनं घेतला होता का?"

 बाई ओठ दाबून हसल्या. "लेक कुठे असते? तिचा काही कागद आहे?"

मावशींनी पिशवी उपडी केली. तनुजाच्या पासपोर्टची आणि तिथल्या रहिवासी कार्डाची नक्कल धीरजनं मुद्दाम पाठवली होती. बाईंनी शेवटचं पान पाहिलं. आईचं नाव: हौसाबाई. मावशींचा पासपोर्ट उघडला. हौसाबाई. अक्षरन् अक्षर जुळलं. त्यांनी तनुजाला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या, आणि स्वतः मावशींचा हात धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या. शिक्का पडला, धप्पकन!

"पळा आजी! आणि तिकडे विचारलं तर म्हणा, लेकीला भेटायला आले."

लुगड्याचा काचा खोचून मावशी अशा पळाल्या की पुढच्या पोरापोरींना मागे टाकून विमानाच्या दारात पोचल्या.

मस्कतला तनुजानं पहिल्याच दिवशी समजावलं. "आई, इथं आपण परदेशी. माझं रहिवासी कार्ड मला सतत जवळ ठेवावं लागते, कोनीही विचारू शकते. तूही बाहेर निघाली की पासपोर्ट घेऊनच निघजो." मावशींनी ब्लाउजला आतून कप्पाच शिवला. खालच्या दुकानात दही आणायला गेल्या तरी पासपोर्ट सोबत. दही देणारा केरळचा माणूस काही विचारायच्या आधीच त्या तो काढून दाखवायच्या!

आणि मग मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. मावशींनी तिला आंघोळ घालता घालता जावयाला विचारलं, "धीरज, हिले अठलं कार्ड भेटन ना? जल्मली त अठीच."

"नाही आई. इथं जन्मली म्हणून इथली होत नाही. दवाखान्याच्या दाखल्यावरून आपल्या वकिलातीत नोंद करायची, मग तिचा भारताचा पासपोर्ट, मग इथला व्हिसा. तोवर तिला घरी मंगरूळपीरला नेतासुद्धा येणार नाही."

"मंग बसले काहून? उठा ना!"

अडचण दोन गोष्टींची होती. अर्जाला नाव हवं, आणि नाव ठेवते आत्या. आत्या सुचिता तर इकडे धनजला! दुसरं म्हणजे फोटो. पांढरी चादर, सरळ चेहरा, तोंड मिटलेलं आणि डोळे उघडे. पोरगी डोळेच उघडेना. धीरज स्टुलावर चढून मोबाईल रोखून उभा. तनुजानं तळव्याला गुदगुल्या केल्या, मावशींनी चुटक्या वाजवल्या, ओला हात गालाला लावला. पोरगी जांभई देऊन पुन्हा झोपली.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "बारसं आधी करून घेऊ. लाव सुचिताले फोन."

धनजला सुचिताच्या अंगणात सगळी जमली होती. आम्हीही मंगरूळपीरहून मोटार करून गेलो होतो. पडद्यावर पाळणा दिसला तसा एकच गलका झाला. मावशींनी मोबाईल बाळाच्या कानाशी नेला. सुचितानं इकडून पूर्ण जीव लावून आवाज काढला, "कुर्रर्रर्र! रुंजीऽऽ!"

आणि रुंजीनं डोळे उघडले! टक्क! असे मोठ्ठे की तनुजा ओरडली, "काढ फोटो, काढ!" धीरजनं बटण दाबलं. स्टूल कलंडलं, तो पलंगावर पडला, पण फोटो निघाला होता. इकडे अंगणात सगळे नाचायला लागले. बाबूजींनी खिशातून पेढे काढून दिसेल त्याच्या तोंडात कोंबले.

अर्ज पाठवायच्या आधी मावशींनी जावयाकडून एकेक अक्षर मोठ्यानं वाचून घेतलं. काही आठवड्यांनी मान न धरणाऱ्या त्या पोरीचा पासपोर्ट आला. तो त्यांनी रंगरावकाकांना फोनवर दाखवला. काका पाटाच्या पाण्यात उभे होते. त्यांनी फोन डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कोनावर गेली वं?"

"या ना मंग पाहाले! म्या सांगून काय कामाचं?"

काकांनी पाणी बंद केलं आणि मळ्याच्या त्या टोकाला हाक मारली, "पवन! अय पवन! अकोल्याची तारीख कधीची भेटते, पाह्य बरं!"