चिठ्ठी बोलनी

किस्से साठतात कसे, हे कोणी विचारू नये! कापसाच्या जिनिंगच्या दिवसांत एरंडोलच्या रस्त्याने नुसतं चालत गेलं तरी अंगाला रुई चिकटते, तसंच ते. चार माणसं दर गुरुवारी एका खोलीत बसली की किस्से आपोआप होतात. पण सांगायला समोर निदान एक माणूस लागतो. तोच हल्ली मिळत नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा, चहा सांगितलाय.

मी वसंत, इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. मागच्या खोलीत आमचं चर्चामंडळ भरायचं. नाना, म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर, कायमचे अध्यक्ष. सुपडूआबा कापूसवाले शेतकरी. मगन सर हायस्कूलला गणित शिकवायचे. माझ्याच वयाचे, माझे जिवलग. बाकीचे येऊन-जाऊन.

नानांचा कायदा कडक होता. बाजू आपण निवडायची नाही! बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या असायच्या, 'बाजूने' किंवा 'विरोधात'. चिठ्ठी निघाली की लगेच तिच्या पाठीवर आपलं नाव लिहायचं. पोस्टातली सवय, दुसरं काय! बोलून झालं की चिठ्ठी परत डब्यात. आणि चहा सगळ्यांनी एकाच किटलीतून घ्यायचा, भांडण कितीही झालेलं असो.

"स्वतःचं मत चपलेबरोबर बाहेर काढून यायचं," नाना म्हणायचे. "जाताना घाला परत!"

*

एकदा विषय होता, 'कापूस बरा की केळी?' सुपडूआबांची चिठ्ठी नेमकी कापसाच्या विरोधात निघाली. जन्मभर कापूस पिकवलेला माणूस! पण उठले, आणि कापसाला असं धुतलं की ऐकणाऱ्याला सदरा काढून ठेवावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी दारात हजर. "आबा, कापूस उपटी टाकतस का काय?"

आबा शांतपणे म्हणाले, "भो, ती चिठ्ठी बोलनी. मी नही!"

झालं! तेव्हापासून आमच्यात ती म्हणच पडली. आबांची बायको रागावली की आबा तिलाही म्हणायचे, "चिठ्ठी बोलनी!" तिथे मात्र कधी चालली नाही.

*

आम्ही एकदा स्पर्धाही घेतली. परीक्षक पुण्याचे. मगन सर तसे शुद्ध बोलायचे, पण रंगात आले की आई आठवायची आणि अहिराणी सुटायची. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हक्क म्हणजे बठ्ठा! बठ्ठासले बठ्ठा!"

बठ्ठा म्हणजे सगळा, बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, हे खानदेशात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. परीक्षकांनी शेरा लिहिला, 'विचार चांगले. परंतु हक्काला बट्टा का लागतो, हे वक्त्याने स्पष्ट केले नाही.'

सरांना तिसरा नंबर मिळाला. तो शेरा त्यांनी फ्रेम करून घरात लावला होता. मी गेलो की त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "वसंता, माझ्या भाषेची पुण्यात नोंद झाली बघ!"

*

मग नव्वद साल आलं. दिल्लीच्या सरकारने नोकऱ्यांत मागास जातींना आणखी जागा राखायचं ठरवलं, आणि धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत जो तो बोलायला लागला. मोर्चे निघाले, याही बाजूने आणि त्याही. एका दुपारी दोन्हीकडचे लोक आमच्या ओट्यावर एकाच माठातलं पाणी प्यायले, आणि घसा ओला करून पुन्हा एकमेकांविरुद्ध ओरडायला गेले.

सुपडूआबांना एका पुढाऱ्याने हाताला धरून मोर्चात ओढलं. आबा म्हणाले, "येस ना भो. पन पयले चिठ्ठी तर काढू दे!"

त्याच आठवड्यात एक हवालदार चौकशीला आले. मंडळ कुठल्या बाजूचं आहे, ते लिहून न्यायचं होतं. नानांना विचारलं, "तुमचं मत काय?"

नाना म्हणाले, "गुरुवारी डबा उघडल्यावर सांगतो."

हवालदारांनी खरंच लिहिलं, 'मत गुरुवारी कळेल.'

*

इथवर हसू येतं. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नानांनी त्या गुरुवारी दारं उघडली. गावाला बोलावलं. विषय, 'जातीवर जागा राखाव्यात का?' खोली भरली, ओटा भरला, खिडक्यांना माणसं लटकली. आणि नाना एकच गोष्ट सांगायची विसरले, की आमच्यात बाजू चिठ्ठीने ठरते! आम्हाला वाटायचं, हे काय सांगायचं? जगाला ठाऊकच असणार!

बोलणारे दोघेच, मी आणि मगन सर. कपाटांच्या आड जाऊन आम्ही चिठ्ठ्या काढल्या, पाठीवर नावं घातली, मग उघडल्या. माझी 'विरोधात'. त्यांची 'बाजूने'.

मी चिठ्ठी पटकन मुठीत लपवली. माझ्या जातीला राखीव काहीच नाही; घरात रोज त्यावरून आदळआपट. मी विरोधात बोललो तर गाव काय म्हणेल! आणि खरं सांगू? ती बाजू माझ्या मनात थोडीफार होतीच. म्हणूनच भ्यालो.

मगन सर स्वतः राखीव जागेतून मास्तर झालेले. मी त्यांना हळूच विचारलं, "बदलायची का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, "दे. तू बोलशी ते लोके म्हनतीन, मन बोलनं. मी बोलसू ते म्हनतीन, चिठ्ठी बोलनी!"

काय बोलले सर त्या दिवशी! एकेक मुद्दा गणितासारखा मांडला. मीही बाजूने बरा बोललो. टाळ्या मला जास्त पडल्या.

*

आठवड्याभरात शाळेच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलं, 'मगन मास्तर विकला गेला.' त्यांच्या भाऊबंदांनी लग्नाची पत्रिका द्यायचं थांबवलं. उलट बाजूचे लोक हार घेऊन त्यांच्या दारात आले, तर सरांनी दार लावून घेतलं.

नाना कासावीस झाले. सरांना आणि त्यांच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांना वाचनालयात बोलावलं, हात जोडून सांगितलं, "अहो, आमच्यात चिठ्ठी असते. तो माणूस मनाचं बोललाच नाही!"

एकजण म्हणाला, "मग दाखवा चिठ्ठी."

नानांनी मोठ्या विश्वासाने डबा उघडला. एक चिठ्ठी निघाली, 'बाजूने'. पाठीवर, मगन. दुसरी निघाली, 'विरोधात'. पाठीवर, वसंत.

दोन्ही चिठ्ठ्या हातोहात फिरल्या. मग तोच माणूस म्हणाला, "म्हणजे चिठ्ठी बाजूची असून हा उलट बोलला! आणि हे वसंतभाऊ, चिठ्ठी विरोधात असून आमच्या बाजूने उभे राहिले!"

त्यांनी माझे हात धरले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना माझ्याकडे बघत होते. सुपडूआबा जमिनीकडे. मगन सर दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले, गणित मांडलेल्या मुलाच्या उत्तराची वाट बघावी तसे.

एक वाक्य होतं हो! 'आम्ही बदलली.' एवढंच. मी आयुष्यात शेकडो भाषणं ठोकली, पण ते वाक्य काही घशाबाहेर आलं नाही.

सरांनी चपला घातल्या आणि गेले. त्या दिवशी किटली तशीच गार झाली.

*

सरांनी बदली मागून घेतली, नरडाण्याकडे. मी तीन पत्रं लिहिली. तिन्हीत पावसापाण्याची चौकशी केली! उत्तर आलं नाही, आणि येणार तरी कशाचं?

नाना गेले. आबा गेले. मंडळ आपोआप बंद पडलं. पण गुरुवारी संध्याकाळी मला घरी बसवत नाही. मी मागची खोली झाडतो, डबा ठेवतो, दोन चिठ्ठ्या टाकतो. एक काढतो, त्या बाजूने बोलतो. मग दुसरी काढतो, उठून समोरच्या खुर्चीत बसतो आणि स्वतःलाच खोडून काढतो. एकदा पेपर वाचायला आलेल्या गृहस्थाने आत डोकावून विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"विरोधकांशी!" मी म्हणालो. तो बिचारा पेपर अर्धा टाकून निघून गेला. हसा, हसा. मीही हसलो होतो, तो जाईपर्यंत. एकटेपणाची सवय होते म्हणतात. नऊ वर्षं झाली, मला काही झाली नाही.

*

शेवटचा किस्सा गेल्या गुरुवारचा.

डबा ठेवून मी वळलो, तर दारात मगन सर. केस पांढरे झालेले, हातात एसटीचं तिकीट अजून तसंच धरलेलं. येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. मी घाईघाईने माठातलं पाणी पुढे केलं.

पाणी पिऊन म्हणाले, "पाहुण्याने विषय द्यायचा, हा नियम आहे ना अजून?"

मी मान हलवली.

"मग घे विषय. गप बसनं हाऊ गुन्हा शे का?"

मी डबा पुढे केला. आत दोनच चिठ्ठ्या होत्या. सरांनी एक उचलली, एक मी. नावं लिहायच्या आधीच आम्ही दोघांनी उघडल्या. माझी 'विरोधात'. म्हणजे गप्प बसणं गुन्हा नाही, हे मी सांगायचं. त्यांची 'बाजूने'. गुन्हा आहे, हे त्यांनी सांगायचं.

सरांनी आपली चिठ्ठी टेबलावर पालथी घातली. खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि परत लावलं. मग ती चिठ्ठी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"नाव लिखाना पयले सांग, वसंता," ते म्हणाले. "चिठ्ठी बदली लेस का?"