राळेचा ठिपका

उन्हात तापलेल्या राळेचा वास तुम्ही कधी घेतला आहे काय? धुपाच्या जवळचा, पण धुपाइतका सोवळा नव्हे. त्यात तेलाचा ओशटपणा असतो, खाऱ्या वाऱ्याचा ओलावा असतो आणि किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीचा संथ, सुखावलेला श्वास असतो. आमच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या झावळ्यांच्या छपरात, माझी जुनी मोटार कित्येक वर्षे स्वस्थ उभी आहे. चैत्र-वैशाखात तिचा पत्रा तापला, की तिच्या मागच्या अंगाने हा वास हलकेच दरवळू लागतो. मोटारीला वास यावा तो पेट्रोलाचा, नाहीतर जळक्या तेलाचा. राळेचा कसा येईल? पण येतो खरा! आणि तो आला, की हातातले काम टाकून मी तिथे जाऊन उभा राहतो. घरची माणसे म्हणतात, ह्यांची समाधी लागली. लागू दे बापडी.

आमचे गाव कर्लीच्या खाडीकाठी. समोरच्या तीरावर वालावलीची हिरवी माडराई, आणि पाणी असे निश्चळ, की पाण्यातली माडराई खरी की वरची, असा लहानपणी मला संभ्रम पडे. माझे वडील, आबा, याच काठावर होड्या दुरुस्त करीत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा आणि वरून कढवलेली राळ भरायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. छिद्र दिसले, की त्यांचे बोट आपोआप तिकडे जाई. दाराचे, कौलाचे, छत्रीचे, आमच्या पणजीच्या पितळी तपेल्याचे, कुठलेही छिद्र त्यांच्या राळेतून सुटले नाही. इतकी माणसे त्यांच्या होड्यांतून समुद्रावर जाऊन सुखरूप परतली होती, की छिद्र म्हणजे वैरी, हा सिद्धांत त्यांना पुन्हा तपासून पाहावा लागला नव्हता.

आणि मी? मी तेव्हा नारळ-कोकमाचा व्यापारी, वय पस्तिशीच्या आतबाहेर, आणि यंत्रातले आपल्याला कळते अशी निराधार श्रद्धा बाळगणारा. सावंतवाडीच्या एका वृद्ध वकिलांकडून मी ही मोटार घेतली, तीही त्यांच्याकडे बरीच म्हातारी झाल्यावर. दर महिन्या-दीड महिन्याने ती दुरुस्तीला पुन्हा वाडीलाच जाई. म्हणून गावाने तिचे नाव ठेवले ‘म्हायारवाशीण’. सासरी नांदेना, सारखी माहेरी पळते! मी रागावत असे. पण खरे सांगू, नाव चपखल होते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमच्या घरी खरीखुरी माहेरवाशीणही होती. माझी धाकटी बहीण शेवंती बाळंतपणाला आली होती, आणि तिची मुलगी पाच महिन्यांची झाली होती. शेवंतीचे यजमान परदेशी जाणाऱ्या जहाजावर खलाशी. लेकीचे तोंडही त्यांनी पाहिलेले नव्हते. अशात एके दिवशी सकाळीच तार आली: जहाज मुंबईला लागले आहे, परवा पहाटे सुटणार. पुन्हा फिरून येणार ते वर्षा-दीड वर्षाने. आज दुपारची आगबोट मालवणात मिळाली, तर उद्या सकाळी शेवंती मुंबईच्या धक्क्यावर पोचणार, आणि बापाला आपली लेक एक दिवसभर तरी मांडीवर घेता येणार. उद्याची बोट धरली, तर ती मुंबईला लागेपर्यंत त्यांचे जहाज क्षितिजापार गेलेले असणार. पुढच्या वर्ष-दीड वर्षाला पुरवून खायचा असा तो एकच दिवस!

आबा म्हणाले, “होडयेन जावया. ओहोटीबरोबर देवबागाक लागतलो, थंयसून बैलगाडी.”

मी हसलो. “आबा, जगात मोटारी इल्या, आनि तुमी अजून ओहोटीच मोजतास!” टाकी मी आदल्या दिवशीच काठोकाठ भरून ठेवली होती. आबा उठले आणि मोटारीभोवती एक फेरी मारून आले. त्या फेरीचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर!

सकाळची पेज खाऊन आम्ही निघालो. पुढे मी आणि आमचे शेजारी तातू गावकार. मागे आबा, शेवंती, बाळ आणि जावयासाठी नारळांचे पोते. तातू आमच्या गावाचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणे घालावे ते त्यांनीच. आवाज असा, की देवाला न ऐकण्याची सोय नसे. हॅण्डल फिरवताच मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि माझी छाती दोन इंच पुढे आली. दोन मैल ती अशी धावली, जणू वकिलांनी नवीच विकली होती. मग चढावर तिला ठसका लागला, तिने दोन हुंदके दिले आणि ती गप्प झाली.

निदान करणे हा माझा आवडता भाग. मी बॉनेट उघडले, प्लग काढले, शर्टाच्या टोकाने पुसले, पेट्रोलाच्या नळीत फुंकर मारली, तोंड कडू करून घेतले. हॅण्डल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली. ती ढिम्म! पलीकडून एक गाडीवान बैल हाकत आला आणि थांबून म्हणाला, “काय शेट, म्हायारवाशीण रुसली? तेका सांगा, ह्यो रस्तो वाडीचो न्हय. जुपू काय बैल?” मी बॉनेटखाली डोके आणखी आत घातले. विद्वानांनी अशा वेळी मौनच धरावे.

तेवढ्यात तातूंनी पोत्यातला एक नारळ काढला, रस्त्याकडेला ठेवला आणि हात जोडून आवाज लावला, “बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाच्या वाटेत जा काय आडवा इला असात, ता दूर कर, आनि ह्या गाडयेची कळ सुधार रे म्हाराजा!” शेवंती आणि आबा म्हणाले, “व्हय म्हाराजा!” मी मात्र, आपण काहीतरी शास्त्रीय करीत आहोत हे दिसावे म्हणून, मागे जाऊन टाकीचे झाकण उघडले आणि त्यात काठी बुडवून पेट्रोल पाहिले. स्वतः भरलेली टाकी मी पुन्हा पाहिली! झाकण लावले, हॅण्डल मारले, आणि काय सांगू, मोटार घुरघुरत जागी झाली. तातूंनी माझ्याकडे असे पाहिले, की मीच नारळाला नमस्कार केला.

दोन मैलांवर पुन्हा तोच ठसका, तेच हुंदके. पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणे, पुन्हा माझी ती दिखाऊ काठी; आणि पुन्हा मोटार सुरू! आता माझीही अश्रद्धा डळमळली. जावयाचे नारळ आणि उरलेले मैल यांचा हिशेब कसा जमणार, एवढीच चिंता उरली.

तिसऱ्यांदा ती चौके गावाच्या पुढे थांबली. तातूंनी गाऱ्हाणे घातले, आधीपेक्षा लांब आणि काकुळतीचे. मी या खेपेला काठी बुडवली नाही. दोनदा पाहिलेले पेट्रोल जाईल कुठे? हॅण्डल मारले. काही नाही. पुन्हा मारले. काही नाही. “देव कोपलो,” तातू पुटपुटले. आणि त्याच क्षणी, माडांच्या पलीकडून, दूर समुद्रावरून आगबोटीचा भोंगा ऐकू आला. बंदरात ती जेमतेम तासभर थांबे. आणि आमच्यापुढे अजून सहा मैल वाट!

शेवंती रडली नाही. बाळाचे टोपडे तिने तीनदा सोडले आणि तीनदा बांधले. मग इतक्या हळू आवाजात बोलली, की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरे, असे मला झाले: “दादा, ते धक्क्यार उभे ऱ्हवतले रे. चेडवाक तेनी अजून बघूक नाय.”

होडी, ओहोटी, देवबाग, सगळे मनात उलटे वाहू लागले. मघाशी हसलेले माझे हसू मलाच बोचू लागले.

तेव्हा मागे बसलेले आबा खाली उतरले. “झिला, हे दोन येळा गाडी चालू झाली, तेच्या आदी तू काय काय केलंस, ता क्रमान सांग.”

“तातूंनी गाऱ्हाणा...”

“देवान काय केला, ता देवाक म्हायत. तू काय केलंस?”

गळती शोधायची त्यांची हीच रीत. पाणी साचते कुठे ते पाहायचे नाही. ते शिरले कधी, तेव्हा होडी कशी कलली होती, हे विचारायचे. मी सांगू लागलो आणि ते बोटाच्या पेरांनी पत्रा ठोकत मोटारीभोवती फिरू लागले, जणू एखाद्या होडीचा तळ ऐकत आहेत. मी म्हटले, “...आनि झाकण उघडून काठी घातलंय,” आणि त्यांचे बोट थांबले. झाकणावरच. त्यांनी ते हलकेच फिरवले. हुस्स! कुणी कितीतरी वेळ कोंडलेला निःश्वास सोडावा, तसा आवाज करून वारा आत शिरला.

आबांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. “घासलेटच्या डब्याक दोन भोका कित्याक पाडतत?” ते स्वतःलाच विचारल्यासारखे म्हणाले. “एकातून वारो आत जाता, तेव्हा दुसऱ्यातून तेल भायर येता.” झाकणाच्या मधोमध एक बारीक छिद्र होते, ते कापसाने आणि राळेने असे सुबक बंद केलेले होते, की समुद्रही आत शिरला नसता. टाकीत वारा जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. माझी मूर्ख काठीच दर खेपेला तिला श्वास देत होती!

“मियाच बुजवलंय ता,” आबा मान खाली घालून म्हणाले. “आज सकाळी, तू पेज खाय होतंस तेव्हा. पेट्रोलचो वास थंयसूनच येय होतो. वासान शेवंतीक उलटी जाता, म्हणान...”

शेवंतीच्या डोळ्यांतले इतका वेळ थोपवलेले पाणी आता हसताहसता वाहिले. “आबानू, माका वाटला, तुमका माका धाडूचाच नाय!” आणि तिने अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातात दिला.

आयुष्यभर छिद्रे बुजवलेल्या त्या म्हाताऱ्या हाताने, पहिल्यांदाच असेल, एक छिद्र उघडले. किती जपून! बाळाचा कान टोचताना सोनाराचा हात व्हावा तसा. मायेने बुजवलेले मायेनेच मोकळे करायचे, आणि त्यातून आपल्या लेकीला दूर जाऊ द्यायचे. यापरते अवघड काम त्यांच्या हत्यारांनी कधी केले असेल काय? मला नाही वाटत.

मग मोटार थांबली नाही. पेट्रोलाचा वास सुटला, आणि शेवंतीला दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा तोंड पुसून ती म्हणाली, “थांबव नको रे, चल!” बंदरावर प्रवाशांना आगबोटीपर्यंत नेणारा शेवटचा पडाव सुटत होता. तातूंचा आवाज त्या दिवशी खरा कामी आला तो तिथे. त्यांच्या हाकेने पडाव मागे वळला. आबा गुडघाभर पाण्यात गेले, बाळाला हातोहात वर दिले, आणि पडाव आगबोटीला भिडेपर्यंत तसेच पाण्यात उभे राहिले.

परतताना मी सवयीने भरधाव निघालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हळू चलव. आता कसली घाय?”

आठवड्याने शेवंतीचे पत्र आले. यजमान धक्क्यावर होते. लेक त्यांच्याकडे पाहून आधी भोकाड पसरून रडली आणि मग दिवसभर त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. आबांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. रडण्याचा भाग त्यांना विशेष आवडला.

आबा आता नाहीत. त्यांनी राळ कोरून काढली, तरी छिद्राच्या कडेला तिचा एक मधाच्या रंगाचा ठिपका राहून गेला आहे. मी तो पुसलेला नाही. दुपारी मांगरात उभा राहिलो, की तो तापतो, मऊ होतो, दरवळतो. आणि मी, यंत्रातले सर्व कळणारा मी, मोटार मुळीच कुठे जाणार नसताना, टाकीचे झाकण उघडून पाहतो. आत वारा आहे ना, एवढेच.