उघड्या मशीनची पूजा

ही गोष्ट सांगायची मी तीस वर्षं टाळली. इन्स्टिट्यूटमधला पहिला कॉम्प्युटर कसा जळाला असं कुणी विचारलं, की मी पॉवर सप्लायचं नाव घ्यायचो. जुना होता, लोड पेलला नाही, म्हणायचो. विचारणाऱ्याला तेवढं पुरायचं. आता अण्णा गेले, विचारणारेही फारसे उरले नाहीत, आणि माझी स्वतःची तब्येत बघता लिहायचं ते लिहून टाकलेलं बरं.

परभणीत स्टेशन रोडला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनी, सहा मराठी आणि सहा इंग्रजी. भांडवल अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दुकान होतं आणि घरात त्यांचा शब्द चालायचा. पुढं टायपिंगला दिवस राहणार नाहीत असं कळू लागलं तेव्हा अण्णांनीच एक तयार कॉम्प्युटर घेऊन दिला. कंपनीनं जोडून, सील लावून पाठवलेला. चपटी पेटी, वर हिरव्या अक्षरांचा पडदा. तो बसवायला आलेल्या माणसानं जाताना एका फ्लॉपीत एक खेळ देऊन ठेवला, मोटारीच्या शर्यतीचा.

तो खेळ मी खेळायचो. पंचेचाळिशीचा माणूस, कपाळाला भस्म, समोर शिकवणीची पाटी, आणि दुपारी पोरं जेवायला गेली की दार लोटून मी गाडी पळवत बसायचो. रस्ता हिरवा, गाडी हिरवी, आभाळही हिरवं. दोन वर्षं मी जी गाडी चालवत होतो तिचा रंग मला माहीत नव्हता. हसू येईल कुणाला, पण त्या रंगाची मला ओढ लागली होती. घरी बायकोलाही बोललो नव्हतो.

एकट्या मेकॅनिकला ते माहीत होतं. इन्स्टिट्यूटच्या समोरच्या गाळ्यात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला सगळे मेकॅनिक म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. पिंगळी स्टेशनच्या पुढं कुठंतरी त्याचं गाव. नामांतराच्या दंगलीत घर जळालं तेव्हा आईला आणि एक सोल्डरिंगची बंदूक घेऊन तो शहरात आला होता, हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही एक ट्रान्झिस्टर उघडता उघडता, मान वर न करता. इंग्रजी पुस्तकं आणून तो कॉम्प्युटर शिकत होता. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायला माझ्याकडं यायचा. दुपारी कधी दार ढकलून आला, की माझ्या मागं उभा राहून म्हणायचा, "सर, वळणावर ब्रेक मारत न्हाईत तुमी. म्हणून आपटायलेत."

रंगीत पडद्याची कल्पना माझी. अण्णांना मी सांगितलं की पुढच्या अभ्यासक्रमाला रंग लागतो. ते खोटं होतं. अण्णांनी नव्या कार्डाचे आणि पडद्याचे पैसे दिले. मेकॅनिकनं कागदावर आकडेमोड केली आणि सांगितलं की नुसत्या कार्डानं भागणार नाही, खेळ नीट चालवायचा तर रॅमही वाढवावी लागेल. शिवाय कंपनीचा पॉवर सप्लाय जेमतेम आहे, तोही बदललेला बरा. एवढं सगळं त्या पैशात बसत नव्हतं. मग मार्ग मीच काढला. कार्ड जुनं घ्यायचं, उरलेल्या पैशात रॅम. पॉवर सप्लाय आहे तोच चालू द्यायचा.

"अण्णांना नवं सांगितलंय ना?" त्यानं विचारलं.

"अण्णा आत बघणार हायत का?" मी म्हणालो.

तो हैदराबादला जाऊन कोठीच्या बाजारातून सामान घेऊन आला. पडदाही जुनाच, एका कोपऱ्यात जरा निळसर. कार्ड वर्तमानपत्रात, आणि रॅमच्या पट्ट्या त्यानं शर्टाच्या खिशात जपून आणल्या होत्या. नवरात्रातल्या अष्टमीच्या दिवशी दुपारी त्यानं पेटी उघडली. कंपनीचं सील तोडताना माझ्याकडं बघितलं. मी तोडा म्हणालो. आत दोन काड्यांवर बसणारं तांदळाएवढं टोपण असतं, ते उपसून त्यानं दुसरीकडं बसवलं. "ह्यानं मशीनला कळतं की आता रंगीत पडदा आलाय," तो म्हणाला. मशीन सुरू झाली. काळ्या पडद्यावर पांढरी, पिवळी, निळी अक्षरं. बॅच बसलेली होती, त्यामुळं खेळ लावता आला नाही.

एकच अडचण राहिली. कार्ड उंच होतं, आणि पेटी चपटी. झाकण बसेना. तो म्हणाला, लेथवाल्याकडून झाकणाला खाच पाडून आणतो, उद्या लेथ बंद, परवा सकाळी बसवतो. झाकण काखेत मारून निघाला. दारात थांबून बजावलं, "सर, तवर हात लावू नका. अर्थिंग बराबर न्हाई, आणि उघडी हाय."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. अण्णांच्या दुकानात तराजू, वजनं, इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंगच्या मशिनी. भस्म ओलं करून तीन बोटांनी तीन पट्टे ओढायचे, बेल वाहायचा, तीर्थ शिंपडायचं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्यालाही विसावा असतो. बारा मशिनींवर मी पट्टे ओढले आणि कॉम्प्युटरपाशी आलो. झाकण असतं तर झाकणावर ओढले असते, जन्मभर तसंच केलं होतं. झाकण नव्हतं. आत ते नवं, म्हणजे आमचं जुनंच, कार्ड उभं होतं. आणि माझ्या मनात आलं की बाहेरचा पत्रा काय, खरं हत्यार तर हे आहे. मी ओल्या भस्माची तीन बोटं कार्डावर ओढली. बेलाचं पान पेटीतल्या पंख्यावर ठेवलं. पळीनं तीर्थ शिंपडलं. चार थेंब आत गेले ते मी बघितले आणि धोतराच्या सोग्यानं वरवर पुसले.

एवढ्यावर मी घरी गेलो असतो तरी कदाचित सुकून गेलं असतं. इन्स्टिट्यूट रिकामी होती. बेलाचं पान उचललं, फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं.

रस्ता करडा होता. कडेचं गवत हिरवं, आभाळ निळं. मग खालून गाडी वर आली. तांबडी. मनातल्या मनात दहा मोजावेत एवढा वेळ मी ती बघितली, बटणाला हातही लावला नाही. मग आत चट्‌ असा आवाज झाला, पडदा काळा झाला आणि जळल्याचा वास सुटला. मी पिन ओढली. खिडक्या उघडल्या. कार्डावरचं भस्म फडक्यानं पुसलं, पण खाली खाचेत शिरलेलं निघालं नाही. पान खिशात घालून घरी आलो.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या मुहूर्तावर रंगीत मशीन चालू करू. मोंढ्यातली चार माणसं येनारायत." तेव्हा सांगता आलं असतं. मी भाकरी मोडत राहिलो.

दसऱ्याला सकाळी अण्णा आणि चार व्यापारी खुर्च्यांवर बसले होते. मेकॅनिक आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांच्या वस्तीत त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असे, तिथून तो जरा वेळ काढून आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाकण त्यानं टेबलावर ठेवलं. खाच इतकी साफ पाडली होती की कंपनीचीच वाटावी. जयभीम म्हणाला, मला नमस्कार केला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"परवा चालू होती ना रे?" अण्णा म्हणाले. ते त्याला एकेरीच बोलायचे.

"होती अण्णा. सरांसमोर चालू केली."

तो वाकला. कार्ड उपसलं, उजेडाकडं धरलं. खालच्या सोनेरी पट्टीवर पांढरं काहीतरी धरलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं, बोटांत चुरडलं, आणि माझ्या कपाळाकडं बघितलं. त्या दिवशीही माझ्या कपाळावर तेच होतं.

त्याला सगळं कळलं. आणि हेही कळलं की तो ते बोलू शकत नाही. त्या वर्षांत, त्या पाच जणांसमोर, त्यानं म्हणायचं की तुमच्या पूजेनं मशीन जाळली? त्याचा अर्थ काय झाला असता हे मला समजत होतं, त्यानं तर ते अंगावर झेललं होतं. ते वाक्य फक्त मी बोलू शकत होतो.

"सर," तो म्हणाला, "तुमी सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णांसमोर मी कधी उलटून बोललो नव्हतो, पण इथं उलटून बोलायचं नव्हतंच, नुसतं खरं बोलायचं होतं. तेही येत नव्हतं. पूजेचं सांगितलं की बटण का दाबलं ते आलं, ते आलं की खेळ आला, खेळ आला की रॅम आणि जुनं कार्ड आलं.

"मला त्यातलं काय कळतं," मी म्हणालो. "सकाळपासून चालूच होईना."

तो पुन्हा मशीनवर वाकला. मग कार्ड जागेवर बसवलं, झाकण घातलं, आणि चारही स्क्रू एकेक करून नीट आवळले. बंद पडलेल्या मशीनचे. व्यापाऱ्यांतला एक जण म्हणाला, "ह्यांच्यात हत्यार पुजत न्हाईत, मशीन टिकंल कशी?" बाकीचे हसले. मेकॅनिकनं पेचकस खिशात घातला, मिरवणुकीला उशीर होतोय म्हणाला आणि गेला.

आठवड्यानं अण्णांनी नांदेडहून एक माणूस आणला. त्यानं मशीन उघडली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की कार्ड जुनं आहे. अण्णांनी मला विचारलं, पैसे नव्याचे दिले होते ना? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. पैसे नव्याचेच दिले होते.

त्या एका ‘हो’वर सगळं उभं राहिलं. मेकॅनिक नवा माल काढून जुना घालतो, हे मोंढ्यात पंधरा दिवसांत झालं. दुरुस्तीच्या धंद्यात माणसाचं नाव तेवढंच असतं. लोक टीव्ही दुकानात सोडून जायचे बंद झाले. समोर बसून उघडा म्हणू लागले. पुढं पुढं तर घरून येतानाच बायकांचं नेलपॉलिश घेऊन आतल्या पार्टांना तांबडे ठिपके लावून आणायचे, परत नेताना मोजून बघायला. माझ्या दारातून मला ते दिसायचं. तो ठिपक्यांचा टीव्ही उघडायचा, दुरुस्त करायचा, ठिपके मोजू द्यायचा. माझ्याकडं शब्दाचा अर्थ विचारायला पुन्हा कधी आला नाही. मलाही रस्ता ओलांडता आला नाही, आणि तो रस्ता वीस पावलांचा होता.

सव्वा वर्षानं संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. त्याच्या दुकानासमोर ही गर्दी, गुलाल, पेढे. मी ठरवलं, आज आनंदात आहे, आज बोलावं. तिळगुळाची पुडी घेऊन गेलो. तो गर्दीतून बाहेर आला, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि थांबला. गोंगाट होता, तरी दोन शब्द बोलता येतील एवढी आमच्या दोघांत जागा होती. मी म्हणालो, "अभिनंदन."

"एवढंच?" तो म्हणाला.

मी पुडी दिली. त्यानं ती घेतली, कुणीतरी हाक मारली, आणि तो वळला.

उन्हाळ्यात त्यानं गाळा सोडला. औरंगाबादला एका कारखान्यात लागल्याचं कळलं. पत्ता मी शेजारच्या टेलरकडून घेतला. दोनदा एसटीत बसलो. दोन्ही वेळा जिंतूरला गाडी थांबली, मी चहा प्यायला उतरलो, आणि दुसऱ्या फलाटावरची परभणीची गाडी पकडून परत आलो. घरी म्हटलं, जिंतूरला काम होतं. अण्णा असेपर्यंत बोलायचं नाही असं स्वतःला सांगत राहिलो, आणि अण्णा गेले त्याच्या चार वर्षं आधी तो गेला. हे मला त्या टेलरच्या मुलाकडून कळलं, कापड शिवायला टाकताना, बोलता बोलता.

त्याची बायकामुलं कुठं आहेत मला माहीत नाही. जे वाक्य वीस पावलांवर नेता आलं नाही, ते इतकंच होतं.

मेकॅनिक, कार्ड जुनं मीच घ्यायला लावलं. भस्म मी लावलं, आणि तुम्ही नको म्हणालात तरी बटण मी दाबलं. गाडी तांबडी होती. ‘सर, तुमी सांगा’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला सगळं माहीत होतं. मला माफ करा.