आवाज न करणारा कॅमेरा

रुग्णालयाच्या चित्रीकरण विभागात, म्हणजे जिन्याखालच्या एका खोलीत, उभी हयात काढलेल्या त्या गृहस्थांना सारे टेपमास्तर म्हणत. शस्त्रक्रिया, अडखळती चाल, थरथरते हात असे पुष्कळ काही त्यांनी टेपवर उतरवले होते. मग एके सकाळी व्यवस्थापनाने त्यांना न विचारता नवा डिजिटल कॅमेरा आणला आणि जुना उचलून नेला. विक्रेत्याच्या माणसाने चहाचा पेला रिकामा होईतो जे सांगितले, त्याला प्रशिक्षण असे भारदस्त नाव मिळाले. मास्तरांनी लेखी तक्रार केली. उत्तर आले नाही, आणि उत्तराची वाट पाहण्याचे वय त्यांनी केव्हाच मागे टाकले होते.

भीती यंत्राची नव्हती, त्याच्या मुकेपणाची होती. जुन्या कॅमेऱ्यात टेप फिरू लागली की तळहाताला बारीक कंप जाणवे. सुरुवातीला ती अडे, म्हणून मास्तर बटण दोनदा दाबत, थांबवताना एकदाच. नवा कॅमेरा चालू असो वा बंद, हातात सारखाच निर्जीव पडून राही. डोळा लावावा, तर पडद्यावर आकड्यांची आणि खुणांची ही गर्दी.

अशा अवस्थेत त्यांना वरच्या मजल्यावर बोलावणे आले. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंच्या घशात गाठ होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे स्वरयंत्र काढायचे होते. मुलीला दिवस गेले होते. जन्माला यायच्या नातवंडाशी बाईंना आपल्या आवाजात बोलायचे होते. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकदाच, आणि तीही कुरकुरत.

मास्तरांनी बाईंच्या कॉलरला माइक लावला, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि बटण दाबले. बाई बोलल्या. वर्गात धडा शिकवावा तसे स्वच्छ, न अडखळता बोलल्या. शेवटी मुलीने डोळ्यांना पदर लावला आणि मास्तरांनी पुन्हा बटण दाबून कॅमेरा उतरवला आणि खाली तोंड करून कुशीत धरला.

“झालं?” बाई म्हणाल्या. “मास्तर, तुमचंच तोंड का उतरलंय? ऑपरेशन माझं आहे ना?” मग लेकीकडे वळून, “अगं, उशी वर कर. वर म्हणजे पाठीशी, माझ्या डोक्यावर नव्हे. हिला मूल सांभाळता येणार म्हणे!”

मास्तर कसेबसे हसले. वायरी गुंडाळल्या, सर्वांत शेवटी माइक काढला आणि ते खाली आले.

संगणकावर एकच चित्रफीत निघाली. तीत फरशी होती, त्यांच्या स्वतःच्या चपला होत्या, पलंगाचा पाय होता. आणि त्यावर बाईंचा खणखणीत आवाज उशीवरून लेकीला झापत होता. त्याआधीचे काहीच नव्हते. जुन्या सवयीने दोनदा दाबलेल्या बटणाने कॅमेरा सुरू होऊन तत्क्षणी बंद झाला होता, आणि थांबवायला म्हणून दाबल्यावर सुरू.

यंत्र सदोष आहे, असे सांगता आले असते. तक्रार तर आधीपासून दप्तरी होतीच. तेच वाक्य मनात घोळवत ते कॅमेरा घेऊन जिना चढले. पुन्हा बोलून घेता येईल, एवढीच काय ती आशा होती. तीही दाराशीच मेली: बाईंचा घसा सुजला होता आणि डॉक्टरांनी बोलणे पूर्ण बंद केले होते.

मुलगी बाहेर आली. घोळवलेले वाक्य मास्तरांच्या तोंडून फुटेना.

“बटण मीच दोनदा दाबलं,” ते म्हणाले. “बाईंचं बोलणं आलं नाही. नंतरचं तेवढं आलंय.”

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती हळू म्हणाली, “काका, उद्यापासून आईला आवाज नाही. हे ठाऊक होतं ना तुम्हाला?”

आतून बाईंनी हाताने दोघांना बोलावले. मास्तरांनी कॅमेऱ्यावरच ती चित्रफीत लावली. फरशी सरकू लागली, उशीचे प्रकरण आले, आणि बाई गळ्यावर हात दाबून निःशब्द हसू लागल्या. मग डॉक्टरांची मनाई मोडून कुजबुजल्या, “उपदेश काय, पुस्तकातही मिळतो. आजी कशी करवादते, ते नाही मिळत. हेच जपा.”

मुलीने मान खिडकीकडे वळवली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि का व्हावे?

खाली येऊन मास्तरांनी त्या तेवढ्या तुकड्याची नक्कल काढायला घेतली. एक बटण चुकले तर हाही जाईल, या धास्तीने प्रत्येक वेळी बोट बटणापाशी नेऊन ते मागे घेत. अखेर पडद्यावर काम पूर्ण झाल्याची सूचना उमटली. मास्तरांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. ती नक्कल त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन ऐकली, आणि दुसरी काढायला घेतली.