दहा वाजता उघडणारी बाग

बागेला कुलूप लावा, असा अर्ज बाबारावांनी स्वतःच दिला होता. शेळ्या आत शिरतात, झाडं खातात, तरी योग्य ती कारवाई व्हावी. यवतमाळात असे अर्ज द्यायचे असतात. त्यांचं पुढं काही व्हायचं नसतं. या वेळी मात्र नगरपरिषदेनं आठ दिवसांत कुलूप ठोकलं आणि ते उघडायची वेळ ठरवली सकाळी दहाची. एप्रिलात दहा वाजता इथं शेळ्यासुद्धा फिरत नाहीत.

बाबाराव तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर होते. तिथली थोडी रुई तुमच्या छातीत राहून गेली, असं डॉक्टर म्हणायचे. मग जिनिंग बंद पडली. मोकळ्या हवेत चाला, असं डॉक्टरांनी म्हटलं म्हणून बाबाराव रोज पहाटे बागेत चालू लागले. सोबतीला भावसिंग, तिथलाच गाठी उचलणारा हमाल. दोघांचा नियम एकच, बागेत पेपर आणायचा नाही. त्या वर्षांत पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत ओळखीची गावं फार यायची.

कुलूप लागल्यावर बाबाराव रस्त्यानं निघाले, तर ऑटोंच्या धुरात दुसऱ्याच चौकात धाप लागली. भावसिंगनं तर खाटच धरली. त्याची सून म्हणाली, दुखत काही नाही, पण उठत नाहीत. ताट ठेवलं की ताटाकडं पाहत राहतात.

बाबारावांनी चौकीदार रामलालला गाठलं.

"तुमचाच अर्ज व्हता ना, काका? आता उघडाचा द्या. तुमचा अर्ज लवकर पास होते."

दुसरा अर्ज रीतीप्रमाणे पडून राहिला. महिन्याभरानं रामलाल आणि बाबारावांत ठरलं, सकाळी झाडांना पाणी बाबारावांनी घालायचं आणि किल्ली त्यांच्याकडं राहायची. रामलालची तेवढी झोप वाढली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबाराव भावसिंगच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

"ऊठ. बाग उघडली."

"कायले?"

"मले एकट्याले पाइप ओढवत नाही."

हे खोटं नव्हतं. भावसिंग उठून बसला. मग त्यानं चपला शोधल्या.

पाणी घालून झालं आणि दोघं चालू लागले. पूर्वी पाच फेऱ्या व्हायच्या. तिसरीनंतर भावसिंग कडुनिंबाखाली बसला.

"दोन उधार ठेव."

बाबारावांनी मान हलवली.

आता तो रोज येतो. जेवतो, असं सून सांगते. त्या दोन फेऱ्या मात्र अजून राहिल्याच आहेत.