भालूमामांचं हुमनाबादचं लग्न

राजूबाईला थापाडी म्हटलं तर ती खूश होते. कर्नाटकातल्या आळंदच्या आमच्या डाळ मिलमध्ये ती तूरडाळीतले खडे निवडायला येते. येते एवढंच, निवडतात बाकीच्या. रिवाजच पडलाय की जी टीव्हीवरची मालिका सांगेल, तिच्या वाटणीची डाळ ऐकणाऱ्यांनी निवडायची. मालिका लागतात ऐन भाकरी थापायच्या वेळी, त्यामुळे बाकीच्यांना बघायला मिळत नाहीत. राजूबाई एकटी, सकाळचीच शिळी भाकरी खाते आणि मराठी-कन्नड दोन्ही बघते. मी वजनकाट्यावर बसून फुकट ऐकतो.

मध्यंतरी मराठी विनोदी मालिकेतले ऐतखाऊ भालूमामा अचानक दिसेनासे झाले. तिकडे खानावळवाल्या शारदक्काची तर सगळी कन्नड मालिकाच बंद पडली. मराठी बायका मामासाठी हळहळल्या, कन्नड बायका अक्कासाठी. राजूबाईने आपल्या गोष्टीत दोघांनाही कामाला लावलं. मामांची बस हुमनाबादला चुकवली, त्यांना शारदक्काच्या खानावळीत जेवायला बसवलं आणि लग्न लावून मोकळी झाली. वाहिन्यांचे मालक यावर कोर्टात भांडले असते. इथे शारदक्काला दिवस गेले तेव्हा कोणीतरी साखर वाटली.

एव्हाना राजूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मला कळलं, कारण एकदा तिने मलाच मालक समजून वाकून नमस्कार केला. खडा आणि डाळ तिला सारखीच दिसायची. गोष्ट थांबली असती तर तिला स्वतः डाळ निवडावी लागली असती, ते मालकाच्याही लक्षात आलं असतं आणि बाई घरी बसली असती. म्हणून मी तोंड शिवून होतो.

आणि टीव्हीवाल्यांना दुर्बुद्धी झाली. त्यांनी भालूमामांची वेगळीच मालिका काढली. निवडणाऱ्या बायकांतल्या गुरुबाईच्या लेकीने नवा मोबाईल घेतला होता; तो घेऊन गुरुबाई जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या मधे बसली.

"राजूअक्का, ह्यो बघ तुझा मामा. पुण्यात पोरगी बघायला गेलाय. लगीन झालंच न्हाई म्हणायलाय."

राजूबाईने हातातला घास खाली ठेवला. गोष्ट आता बंद पडणार, असं मी धरून चाललो.

शेजारी बसलेल्या पार्वतीबाईने मोबाईल हातात घेऊन नीट बघितलं. "कामून खोटं बोलायलाय ह्यो?"

"आन् पोटुशी बायको हितं भाकऱ्या थापायलीय," दुसरी म्हणाली.

"तरीच म्हणलं, डोक्याला एवढं तेलपाणी करून बसलाय," तिसरीने भर घातली.

मग जो शिव्यांचा पट्टा सुटला, तो मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषांत. राजूबाई खोटी असेल हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. खोटा होता तो टीव्हीतला मामा.

गुरुबाई मात्र शिव्या देत नव्हती. तिचा नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला, तो तिकडेच दुसरं घर करून राहिला. तिने मोबाईल बंद केला आणि राजूबाईच्या पुढ्यातला डाळीचा ढीग आपल्याकडे ओढला.

"अक्का, त्याला माघारी आणू नको," ती म्हणाली. "रडत आला तरी दारात उभा करू नको."

"न्हाई आणत," राजूबाई म्हणाली.

"आन् खानावळ तिच्याच नावावर ऱ्हाऊ दे."

राजूबाईने घसा खाकरला आणि भालूमामांच्या तोंडावर खानावळीचं दार लावून घेतलं.